पिठावर गिरवलेली भाषा

पुस्तक बाळूदादाचं होतं, पण त्यानं ते कधी धड उघडलंसुद्धा नाही. राजारामपुरीत आमच्या गिरणीपासून दोन गल्ल्या पलीकडं देशमाने सरांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता, आणि त्या दिवसांत असा क्लास म्हणजे गावात सर्कस आल्यासारखीच गोष्ट होती. दादानं नाव घातलं, सरांनी सांगितलेलं पुस्तक आणलं, त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं, कव्हरवर झोकदार सही केली, आणि महिना भरायच्या आत इचलकरंजीला मोटर रिवाइंडिंगच्या कामाला निघून गेला. जाताना मला म्हणाला, "नंदे, माझ्या जागंवर तू जा. सरांना सांगून ठेवलंय. दसऱ्यापतूर जागा आपलीच हाय. मला काय ते इंग्लिश झेपत न्हाय बाई." मला तरी कुठं झेपत होतं? माझं सगळं शिक्षण मराठीतलं, बी.कॉम.ची परीक्षा नुकतीच संपलेली, आणि इंग्रजीत कायम काठावर पास. पण एखादी गोष्ट वाया जायची म्हटली की आमच्या घरात सगळ्यांचाच जीव वरखाली व्हायचा. तव्यावर उरलेली अर्धी भाकरीसुद्धा आई कुणाच्या तरी ताटात लोटायची. तसं ते पुस्तक माझ्या ताटात पडलं.

आमचं घर म्हणजे पुढं गिरणी आणि मागं दोन खोल्या. मधली भिंत होती म्हणायला, पण गिरणी चालू झाली की ती भिंत, तिच्यावरची फडताळं, फडताळातल्या कपबशा, सगळं बारीक थरथरत राहायचं. त्या थरथरीतच आम्ही अभ्यास केला, भांडलो, जेवलो. कुठल्या वेळेला काय दळलं जातंय ते आतल्या खोलीत डोळे मिटून सांगता यायचं. जोंधळ्याचा वास कोरडा आणि उन्हात तापलेल्या मातीजवळचा, गव्हाचा गोडसर, आणि हरभऱ्याची डाळ पडली की कुणाच्या तरी घरी सण आहे हे सगळ्या गल्लीला कळायचं. उन्हाळ्यात गिरणीला लागूनच असलेलं आमचं मिरचीचं कांडप सुरू झालं की येणारे-जाणारे शिंकत आण्णांच्या नावानं काहीबाही बोलत जायचे आणि आण्णा आतून हसायचे. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्या भुवया कायम पांढऱ्या, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की ते जन्मापासून म्हातारेच असावेत. अंघोळीनंतर काळ्या भुवयांचे आण्णा बाहेर आले की क्षणभर कुणी पाहुणा आल्यासारखं वाटायचं.

गिरणीचं काम मला शाळेच्या आधीपासून येत होतं. डबे ज्या क्रमानं आले त्या क्रमानं लावायचे, वजन करायचं, झाकणावर खडूनं नाव लिहायचं, वरच्या पेटीत धान्य ओतायचं, आणि खालच्या कापडी नळीतून गरम पीठ डब्यात पडताना हातानं चाचपून बघायचं, जाड येतंय की बारीक. आण्णांनी मला एकच गोष्ट रागावून शिकवली होती. चक्की रिकामी फिरवायची नाही. दगडावर दगड घासला की दगडाची बारीक खर पिठात पडते आणि भाकरी खाताना दाताखाली कचकच येते. म्हणून आधीच्या गिऱ्हाइकाचं थोडं दळण दगडात असतानाच पुढच्याचं धान्य ओतायचं. प्रत्येकाच्या डब्यात आधीच्याचं मूठभर पीठ जायचं आणि प्रत्येकाचं मूठभर मागं राहायचं. त्यावरून आमच्या गल्लीत कुणी कधी वाद घातला नाही. दादा गेल्यावर हे सगळं काम माझ्याकडं आलं, कारण आण्णांच्या छातीत पीठ बसलं होतं. डॉक्टरांनी तोंडाला फडकं बांधायला सांगितलं होतं, ते आण्णा गळ्यात बांधायचे. दोन पोती उचलली की भिंतीला हात टेकून उभे राहायचे, आणि मी बघतेय असं दिसलं की चक्कीचा पट्टा तपासायचं नाटक करायचे.

दुपारी लाईट जायची. पट्ट्याचा आवाज आधी जाड व्हायचा, मग पातळ, मग फटफट करत थांबायचा, आणि त्या शांततेत गल्लीतले दडपून बसलेले आवाज हळूहळू वर यायचे. कुणाचं तरी शिवणयंत्र, भांडी घासल्याचा आवाज, लांबून येणारी शहर बस, दारातल्या सावलीत बसलेल्या रिक्षावाल्याच्या गप्पा. आण्णा पोत्यावर आडवे व्हायचे. आई आत वाकळ पसरून पडायची. मी पैशांच्या गल्ल्याच्या फळीशी पुस्तक घेऊन बसायची. दारातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात पिठाचे कण वर जात, खाली येत, कुठंच न पोचता फिरत राहायचे. मला अजून ते कण आठवतात. त्या वयात दुपार संपायची घाई नसते, आणि मी तर त्या दुपारी अशा काही ठिकाणी जाऊन यायची की लाईट येऊन पट्टा पुन्हा फिरू लागला की दचकायची.

पुस्तक अगदी सुरुवातीचं, काही न येणाऱ्यांसाठी लिहिलेलं होतं. भाषेचं नाव बेसिक. लेखक मोठा सभ्य गृहस्थ असावा. दर दोन पानांनी तो म्हणायचा, आता हे टाइप करा आणि तुमच्या पडद्यावर काय दिसतं ते पाहा. मी मान वर करून पाहायची. समोर दूध डेअरीचं कॅलेंडर आणि त्याखाली घोरणारे आण्णा. मला हसू यायचं, पण लेखकाला वाईट वाटू नये म्हणून मी त्याचं ऐकायची. फळीवर पिठाचा पातळ थर असायचाच. त्यावर बोटानं मी चौकोन काढायची, एकाला ए म्हणायची, एकाला बी, आणि पुस्तकातली एकेक ओळ वाचून चौकोनातले आकडे बदलायची. जुना आकडा तळव्यानं पुसायचा, नवा लिहायचा. शब्दकोश मांडीवर असायचा. एका पानाला एक दुपार लागायची. कधी त्याहून जास्त. गिऱ्हाईक आलं आणि डबा त्या चौकोनांवर ठेवला की सगळं परत पहिल्यापासून.

एका ओळीनं मला फार छळलं. तिथं लिहिलं होतं, एक्स बरोबर एक्स अधिक एक. मी बी.कॉम. झालेली मुलगी, समीकरणं सोडवलेली. कुठलीही गोष्ट स्वतःपेक्षा एकानं मोठी कशी असेल? मला वाटलं छापताना चुकलं. मग वाटलं, माझं इंग्रजी चुकलं. तो शब्दकोश पालथा घातला. शेवटी एका दुपारी मधल्या दारातून मला दिसलं, आई स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीतून मीठ काढत होती, तिनं बरणी हलवली, कमी वाटलं म्हणून पुडीतलं आणखी घातलं, आणि झाकण लावलं. बरणी तीच, नाव तेच, आतलं मीठ वाढलेलं. मी गल्ल्यावरून उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले आणि आईकडं बघून हसत राहिले. आई म्हणाली, "काय गं? भूक लागली व्हय?" मी म्हटलं, "न्हाय. कळलं." तिनं काय कळलं ते विचारलं नाही. ताटलीत भाकरी, दही आणि मिरचीचा खर्डा घालून समोर ठेवला. ती भाकरी मी जितक्या आनंदानं खाल्ली तितक्या आनंदानं पुढं कुठल्या हॉटेलात काही खाल्लं असेल असं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मला त्या पुस्तकात आवडली होती. प्रत्येक ओळीला नंबर द्यायचा, पण एक, दोन, तीन असा नाही. दहा, वीस, तीस असा द्यायचा. लेखकानं कारण सांगितलं होतं. पुढं कधी तुम्हाला मध्ये काही सुचलं तर जागा असावी. ते वाक्य मी कितीदा वाचलं असेल कोण जाणे. आमच्या घरात सगळं गच्च होतं. खोल्या गच्च, दिवस गच्च, माझं पुढं काय व्हायचं तेही बहुतेकांच्या मनात गच्च ठरलेलं. आणि इथं हा माणूस सांगत होता की जागा सोडून लिहा, नंतर सुचेल. रात्री अंथरुणावर पडलं की मी मनात ओळी लिहायची आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत झोपून जायची.

गिरणी सोडून क्लासला जायला सवड मिळाली, आणि कॉम्प्युटर प्रत्यक्षात पाहिला, ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. सरांचा क्लास एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. दारात सगळ्यांनी चपला काढायच्या, आत निळे पडदे, गारवा, आणि देवळाच्या गाभाऱ्यात असते तशी हळू बोलायची शिस्त. देशमाने सर मूळचे पुण्याचे. बोलणं मऊ, पण धुळीचं नाव काढलं की अंगावर यायचे. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "हे केसांत काय आहे तुझ्या?" मी म्हटलं, "पीठ." "मग आधी बाहेर जाऊन झटकून ये." मी जिन्यात उभी राहून केस झटकले, पदर झटकला, आणि परत आत गेले. मनात मी जे यंत्र उभं केलं होतं त्याला वर पेटी होती, खाली नळी होती, बाजूला पट्टा होता. इथं नुसती एक चौकोनी पेटी आणि काळा पडदा. थोडा विरसच झाला. मग त्या काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी रेघ दिसली. लुकलुकत होती. काही मागत नव्हती, कुठं पळत नव्हती. मी काहीतरी लिहीन म्हणून थांबली होती. माझ्यासाठी असं शांतपणे कुणी थांबलंय हा अनुभव मला नवा होता, आणि माझे डोळे भरून आले. सरांना वाटलं पीठ गेलं डोळ्यात.

दादाचा मुलगा आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत यंत्रांना हुकूम देणारे प्रोग्रॅम लिहितो. परवा मी त्याला हे सांगत होते तर तो हसायला लागला. "आत्या, तुम्ही कॉम्प्युटर नसताना कॉम्प्युटर शिकलासा?" म्हणाला. तो मोबाइलवर व्हिडिओ लावून शिकतो, दुप्पट वेगानं पळवत. चांगलंच आहे. पण त्याला एकच गोष्ट सांगता आली नाही. यंत्र नव्हतं म्हणून ती भाषा आधी माझ्या बोटांत आली, आणि बोटांत आलेलं मग कुठं जात नाही.

श्रावण संपता संपता सरांनी मला बाजूला बोलावलं. जवळच्या एका शाळेनं परीक्षेच्या निकालाचं काम त्यांना दिलं होतं. प्रत्येक मुलाचे गुण भरायचे, बेरीज यायला हवी, वर्गाचं पत्रक छापून मिळायला हवं. सर म्हणाले, "तू लिहून बघ. दसऱ्यानंतर क्लासची सकाळची बॅच वाढवतोय. शिकवायला पुण्याहून एक मुलगा येणार आहे. पण तुझा हा प्रोग्रॅम चालला तर त्याला कशाला आणू? तूच ये." मी नुसती मान हलवली. बाहेर येऊन चपला घातल्या, त्या उलट्या घातल्यात हे निम्म्या वाटेत लक्षात आलं. दसऱ्याला दादाची जागा संपणार होती. प्रोग्रॅम चालला नाही तर ते निळे पडदे आणि ती हिरवी रेघ मला परत दिसणार नव्हती. आणि चालला, तर सकाळी गिरणीत आण्णांबरोबर कोण उभं राहणार होतं? सकाळचीच वेळ दळणाची. घरी आल्यावर मी सांगून टाकलं. आई आण्णांकडं बघायला लागली. आण्णा चक्कीच्या दगडाला टाकी घालत बसले होते. छिन्नीचे चारसहा घाव घालून झाल्यावर म्हणाले, "शीक की. शिकाय कोण नगं म्हणतंय? पर सकाळच्या डब्यांचं काय?" आणि लगेच पुन्हा ठोकायला लागले.

प्रोग्रॅम मी फळीवरच लिहिला. एका मुलाच्या सगळ्या विषयांचे गुण एकेक करून टी नावाच्या चौकोनात घालायचे, सगळे झाले की टी छापायचा, आणि पुढच्या मुलाकडं वळायचं. मला ते आमच्या गिरणीसारखंच वाटलं. एक गिऱ्हाईक, त्याचं धान्य वर ओतलं, खाली पीठ आलं, आता पुढचा डबा. पिठावर एका मुलाचे गुण घालून पाहिले, बेरीज बरोबर आली. क्लासमध्ये जाऊन टाइप केलं, तिथंही एकाच मुलावर पाहिलं, बेरीज बरोबर आली. सर खूश झाले. त्यांनी शाळेच्या हेडसरांना बोलावलं.

हेडसर धोतर सावरत जिना चढून आले, चपला काढल्या, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. हातात एका वर्गाचे गुण. त्यांनी वाचायचे, मी भरायचे. पहिल्या मुलाची बेरीज पडद्यावर आली. त्यांनी कागदावर ताडून पाहिली आणि म्हणाले, "शाबास!" दुसऱ्या मुलाची आली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तिसऱ्याची आली तेव्हा ते सरांकडं वळले. "देशमाने, एकूण गुणांपेक्षा जास्त गुण मिळवणारी पोरं आमच्या शाळेत असती तर मी इथं कशाला आलो असतो? त्यांनाच नसतं का सगळं काम लावलं?" मागं बसलेली मुलं हसली. मी परत पहिल्यापासून भरलं. पहिला मुलगा बरोबर, दुसरा शहाणा, तिसरा त्याच्याहून शहाणा, आणि शेवटच्या मुलाला तर अख्ख्या वर्गाची हुशारी मिळालेली. माझे कान तापले. ओळी मला तोंडपाठ होत्या, त्यातली एकही ओळ खोटं बोलत नव्हती, आणि तरी समोर हे असं. हेडसर गेल्यावर सर मऊ आवाजात म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघ. नाही जमलं तर त्या मुलाला कळवतो." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी आले ती सरळ मागच्या दारात जाऊन बसले. आण्णा पाठोपाठ आले. "काय झालं गं?" मी म्हटलं, "बेरजा चुकायल्यात. का ते कळंना." ते म्हणाले, "जेव आधी." मी जेवले नाही. मला स्वतःची दया येत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. नाही जमलं तर आण्णांना एकटं टाकायचा प्रश्नच उरत नव्हता. हा विचार आला आणि मला स्वतःची भीती वाटली. तिथून उठून मी परत फळीशी गेले.

नवरात्र बसलं. अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची माणसं लोटली, आमच्या गल्लीतल्या घराघरांत पाहुणे, आणि गिरणीत उपासाच्या पिठांची झुंबड. वरी, राजगिरा, शिंगाडा. या दिवसांत दळणाची रीत बदलते. उपासाच्या पिठात जोंधळ्याचा कण गेलेला चालत नाही. पण चक्की रिकामीही फिरवायची नाही. म्हणून ज्याचं दळण, त्याचंच मूठभर धान्य आधी पेटीत टाकायचं, ते दगडातलं आधीचं सगळं पुढं ढकलत बाहेर येतं, ते वेगळ्या परातीत घ्यायचं, आणि मग खरं दळण सुरू करायचं. परातीतलं पीठ गायीला. याला आम्ही चक्की धुणं म्हणायचो. वर्षातले हे थोडे दिवस, बाकी वर्षभर एखादी एकादशी सोडली तर कुणाला त्याची गरज पडत नाही.

गोदाक्का आमच्या समोरच्या घरात राहायच्या. नऊ दिवसांचा कडक उपास आणि तोंडाचा पट्टा मात्र आमच्या गिरणीच्या पट्ट्यापेक्षा जोरात. एका दिवशी मी एकटीच चक्कीवर होते, आण्णा आत पडले होते. गोदाक्का राजगिऱ्याचा डबा घेऊन आल्या आणि चक्कीला खेटूनच उभ्या राहिल्या. "नंदे, धुतलीस न्हवं गं चक्की?" मी म्हटलं, "धुतो की अक्का." आम्ही कोल्हापूरच्या मुली तेव्हा बोलताना मुलांसारखं धुतो, जातो, येतो असंच म्हणायचो, सर त्याला फार हसायचे. गोदाक्का म्हणाल्या, "धुतो न्हवं, माझ्या म्होरं धू. मागल्या बाईचा जुंधळा माझ्या उपासात नगं. देवी मला इचारंल, गोदे, काय खाल्लंस?" मी त्यांचाच मूठभर राजगिरा पेटीत टाकला. परात लावली. नळीतून आधी जोंधळ्याचं पांढरं पीठ आलं, मग मिसळलेलं, मग हळूहळू राजगिऱ्याचा पिवळसर रंग दिसायला लागला. मी त्या रंगाकडं बघत राहिले. आधीच्या बाईचा डबा तर केव्हाच भरून गेला होता. तिला तिचं पीठ मिळालं होतं. तरीही हे इतकं आत होतं, आणि मी काढल्याशिवाय ते जाणार नव्हतं.

माझ्या डोक्यात टी छापला म्हणजे तो बाहेर पडला. पीठ डब्यात पडतं तसा. मागं राहिला तर चिमूटभर, आणि तेवढा तर राहायलाच हवा, असंच मी लहानपणापासून जगले होते. यंत्राच्या लेखी छापणं म्हणजे नुसतं दाखवणं. दाखवून झालं तरी पहिल्या मुलाचे सगळेच्या सगळे गुण आतच होते, आणि मी त्यांच्यावर दुसऱ्याचे ओतत होते. प्रत्येक मुलाच्या आधी चक्की धुवायला मी विसरले होते. "अगं ध्यान कुठं हाय तुझं? माझा राजगिरा परातीत पडाय लागला बघ!" गोदाक्का ओरडल्या. मी परात बाजूला केली, त्यांचा राजगिरा वर ओतला, डबा खाली लावला, आणि त्यांचं दळण होईपर्यंत एका जागी उभी राहणं मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. हातावर तापलेलं पीठ पडत होतं. मला हसू येत होतं आणि रडूही. गोदाक्कांनी जाताना आईला हाक मारून सांगितलं की पोरीची दृष्ट काढा.

संध्याकाळी मी क्लासच्या जिन्यात केस झटकले आणि आत गेले. सर दुसऱ्या मुलाला काहीतरी सांगत होते. मी न विचारता मशीनशी बसले. चाळीस आणि पन्नास या ओळींच्या मध्ये लिहिलं, पंचेचाळीस, टी बरोबर शून्य. बस, तेवढंच. मग हेडसरांच्या वर्गातले गुण भरत गेले. पहिला मुलगा बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा बिचारा नापास होता, तो नापासच निघाला, आणि नापास मुलाला बघून इतका आनंद झालेली मास्तरीण कोल्हापुरात दुसरी झाली नसेल. सर माझ्या मागं येऊन उभे होते हे मला कळलंच नाही. सगळा वर्ग संपेपर्यंत ते कागदाशी एकेक बेरीज ताडत राहिले. मग म्हणाले, "दसरा झाला की सकाळी आठला ये. आणि रुमाल बांधून येत जा केसांना."

घरी मी आण्णांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. आई म्हणाली, "चांगलं झालं गं," आणि लगेच तिचं लक्ष आण्णांच्या छातीकडं गेलं, जशी सवय लागली होती तिला. आण्णांनी ताटातला शेवटचा घास संपवला, हात धुतले, आणि उठून गिरणीत गेले. थोड्याच वेळात मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. गिरणी चालू असली की कुणाला काही बोलता येत नाही, आणि कुणाचं ऐकूही येत नाही. मला ते फार लागलं. इतके दिवस मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले, आणि एक शब्द नाही? पुढचे काही दिवस आम्ही दोघं चक्कीच्या दोन बाजूंना उभे राहून काम करत होतो आणि पोती, डबे, लाईट यापलीकडं बोलत नव्हतो. दसऱ्याचं सोनं मी त्यांच्या हातात ठेवून पाया पडले, तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

पहिल्या दिवशी सकाळी मी धुतलेली साडी नेसले, केसांना रुमाल बांधला, आणि गिरणीच्या दारात आले. दारात डब्यांची रांग रोजच्यासारखीच. बायका उभ्या, गोदाक्काही होत्या. चक्की जोरात चालली होती. आण्णा वरच्या पेटीत धान्य ओतत होते, पाठ माझ्याकडं. मी म्हटलं, "आण्णा, मी जातो." त्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसणार. किंवा गेलं असेल. मी वाट पाहिली, ते वळले नाहीत, म्हणून निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले असेन, तोच मागं गिरणी थांबली. लाईट गेली तर पट्ट्याचा आवाज हळूहळू पातळ होतो. हा तसा नव्हता. कुणीतरी खटका ओढून चालू दळण मध्येच बंद केलं होतं, आणि आमच्या गिरणीत असं कधीच होत नसे. माझ्या मनात एकच आलं, आण्णांची छाती. मी साडीच्या निऱ्या धरून मागं पळाले.

दाराशी पोचायच्या आधीच त्यांचा आवाज आला. फडकं खाली ओढून ते रांगेतल्या बायकांशी बोलत होते, गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जावं असं. "आयकून घ्या समद्याजणी. आमची नंदा आजपासनं कामाला जाती. कॉम्प्युटर शिकवाय. मी एकटा हाय, आणि माझ्यानं पयल्यासारखं हुईत न्हाय. सकाळचं पीठ सांजच्याला मिळंल. कुणाला घाई असंल तर खालच्या गल्लीत गिरणी हाय, तिकडं जावा." खालच्या गल्लीतल्या गिरणीचं नाव आण्णा घरातसुद्धा घेत नसत. ती सुरू झाली त्या वर्षी त्यांनी त्या गल्लीतून जायचं सोडलं होतं, दूध आणायला लांबच्या वाटेनं जायचे. मग गोदाक्कांनी हातात उचललेला डबा पुन्हा रांगेत खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आण्णा, आमाला कुठली आलीया घाई? चालू करा तुमी." आण्णांनी फडकं नाकावर नीट बांधलं, खटका ओढला, आणि मी भिंतीच्या आडून तशीच मागं वळून क्लासच्या वाटेला लागले.